फवारणी थांबविण्याचा अधिकार कोणाचा?

सोयाबीन, तूर आणि कपाशी या पिकांवर ड्रोनने औषध फवारून घेण्याचा विचार आमच्या वाशीम जिल्ह्यातील पुष्कळ कास्तकार हल्ली करू लागले आहेत. हे यंत्र चालविण्यास येणारी व्यक्ती स्त्री असण्याचा संभव यापुढे वाढतच जाणार. तिच्याजवळ सरकारमान्य प्रमाणपत्र असेल. परंतु त्या प्रमाणपत्रास आपण शेतमालक कितपत मान देणार, याचा निर्णय हंगाम अंगावर येण्यापूर्वीच झालेला बरा, असे वाटल्यावरून हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ या योजनेस मंजुरी दिली. 15,000 निवडक महिला बचत गटांस ड्रोन पुरवावयाचे, किमतीचा 80 टक्के भाग, परंतु 8 लाख रुपयांपेक्षा अधिक नव्हे, सरकारने सोसावयाचा, आणि 2024-25 व 2025-26 या दोन वर्षांत मिळून 1,261 कोटी रुपये खर्चावयाचे, अशी तीत तरतूद होती. गटातील एका स्त्रीस 15 दिवसांचे शिक्षण ठरविले गेले. त्यांपैकी 5 दिवस यंत्र उडविण्याचे व 10 दिवस खते-औषधे फवारण्याचे. ड्रोन चालविणाऱ्यास लागणारे प्रमाणपत्र मात्र या योजनेने निर्माण केलेले नाही. ते 2021 च्या ड्रोन नियमांखाली, स्त्री असो वा पुरुष, सर्वांस सारखेच आहे. वय 18 ते 65, शिक्षण निदान दहावी उत्तीर्ण, आणि मान्यताप्राप्त संस्थेत शिकून परीक्षा दिलेली असली पाहिजे. त्याची मुदत 10 वर्षांची असते.

यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. विशेष हे की, धोक्याच्या कामाजवळ स्त्री आली म्हणजे आपल्या कायद्याने आजवर बहुधा एकच उपाय योजिला. तो म्हणजे तिला तेथून दूर करणे. कापसाच्या गठाणी बांधण्याच्या ज्या कारखान्यात कापूस पिंजून मोकळा करणारे यंत्र चालू असेल, त्या भागात स्त्रियांस कामास ठेवू नये, असे 1948 च्या कारखाने कायद्याच्या 27 व्या कलमात लिहिलेले होते. खाणींत तर जमिनीखालच्या कामास स्त्रियांना 2019 पर्यंत मज्जाव होता. हेतू रक्षणाचा असेल. परंतु परिणाम असा झाला की, यंत्र पुरुषाकडे गेले, त्याबरोबर वाढीव मजुरीही गेली, आणि स्त्रीच्या वाट्यास झाडलोट राहिली. प्रमाणपत्राची रीत याच्या उलट आहे. धोका ओळखावयास शीक, परीक्षा दे आणि मग काम कर, असे ती म्हणते. आम्हांस ही रीत अधिक शहाणपणाची वाटते.

शेतीच्या बाबतीत तर दूर करण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. पाठीवरचा पंप पुरुषाच्या खांद्यावर असतो म्हणून फवारणी हे पुरुषाचे काम म्हणावयाचे. परंतु पाणी भरणारी, पुष्कळदा औषध कालवून देणारी, आणि संध्याकाळी तेच भिजलेले कपडे उघड्या हातांनी धुणारी बाईच असते. 1971 च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपडे, श्वसनाचे साधन व कामगारांचे शिक्षण यांविषयी कलमे आहेत. ती आपल्यांपैकी किती जणांनी वाचली असतील, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. डोक्यापेक्षा उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, दोन-तीन औषधे एकत्र कालविण्याची सवय आणि अंगावर साधा सदरा, ही कारणे तेव्हा पुढे आली. मानोरा व कारंजा तालुक्यांस तो जिल्हा लागूनच आहे. तिकडची हवा व तिकडचे पीक आमच्यापेक्षा निराळे नाही.

ड्रोनने हा धोका पुष्कळ कमी होतो, हे खरे. माणूस पिकात शिरत नाही, तुषारांत भिजत नाही. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाठीवरच्या पंपाने एकरी 150 ते 200 लिटर पाणी लागते. ड्रोनला सुमारे 10 लिटर पुरते. एकरी औषध जवळपास तेवढेच राहून पाणी इतके घटले, म्हणजे टाकीतील द्रावण किती पटींनी तीव्र झाले, हा हिशेब कोणासही करता येईल. तेच द्रावण बारीक तुषारांनी उंचावरून सुटते. वारा असला तर ते शेजाऱ्याच्या तुतीवर, विहिरीवर किंवा निंदणीस बसलेल्या बायांवर जाऊन पडावयास वेळ लागत नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये ड्रोन-फवारणीची कार्यपद्धती प्रसिद्ध केली आणि एप्रिल 2023 मध्ये दहा पिकांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. त्यांत सोयाबीन, तूर व कपाशी ही आमची तिन्ही पिके आहेत. वारा अधिक असता फवारू नये, हे तत्त्व त्या सर्वांच्या मुळाशी आहे.

आता प्रसंग डोळ्यांपुढे आणा. शेंगा भरण्याच्या वेळी अळी पडली आहे, दोन दिवसांनी पाऊस येईल असे दिसते, आणि ड्रोन घेऊन आलेली बाई वाऱ्याकडे पाहून म्हणते की, आज उडवता येणार नाही. आपण काय म्हणतो? “ताई, वारा तर रोजचाच आहे. एवढे चार एकर मारून टाका, मग थांबा.” पुरुष असता तर कदाचित त्याने हुज्जत घातली असती. ती मात्र त्याच गावची सून, तिच्या गटाचे पुढचे काम आपल्याच शब्दावर अवलंबून. शिवाय तिला मोल एकरावर मिळते; उडविले नाही तर त्या दिवसाची कमाई शून्य. ड्रोनच्या किमतीचा जो भाग सरकार देत नाही तो गटाने बहुधा कर्ज काढून उभा केलेला, त्याचा हप्ता काही वाऱ्यासाठी थांबत नाही. तिची विद्या तिला थांब म्हणते आणि पोट म्हणते उडव. या ओढाताणीत प्रमाणपत्राचा कागद कितीसा टिकणार? आमच्या मते ज्या प्रमाणपत्राने ‘नाही’ म्हणण्याची सोय होत नाही, ते पेटीत ठेवावयाच्याच योग्यतेचे.

ही सोय सरकारी नियमाने होणार नाही. ती शेतमालकांनीच करून दिली पाहिजे. आमच्या संघाच्या सभासदांनी फवारणीचा ठराव करतानाच पुढील गोष्ट कबूल करावी. वारा, पाऊस किंवा शेजारच्या शेतात काम करणारी माणसे यांमुळे चालिकेने फवारणी थांबविली, तर तिला येण्याजाण्याचा खर्च व ठरलेल्या मोलाचा काही अंश त्याच दिवशी द्यावा, आणि पुढचा पहिला अनुकूल दिवस तिनेही त्याच शेतास द्यावा. चार-पाचशे रुपयांचा हा भार जड वाटणाऱ्याने वाया जाणाऱ्या औषधाची किंमत एकदा मोजून पाहावी.

राहिली औषध कालविणारी. प्रमाणपत्र उडविणारीस आहे, बादलीजवळ बसणारीस नाही. आणि तीव्र विषाशी हात पडतो तो बादलीजवळच. योजनेत मदतनीसाचेही शिक्षण आहे, परंतु त्याचा रोख यंत्राच्या जोडणी-दुरुस्तीवर आहे. दहावीची अट असल्यामुळे आज शेतात हे काम प्रत्यक्ष करणाऱ्या कित्येक स्त्रिया मोठ्या प्रमाणपत्रापर्यंत पोहोचणारच नाहीत. त्यांना लांबलचक पुस्तक नको. डब्यावरील चौकोनातील रंग, म्हणजे लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यांत सौम्य, हे अक्षरओळख नसणारीसही एका बैठकीत समजते. हातमोजे कोणते, द्रावण काठीने का ढवळावे, डबा तीनदा का विसळावा व मग घरात पाण्यास का वापरू नये, कोणास चक्कर आली तर दवाखान्यात जाताना औषधाचा डबा बरोबर का न्यावा, एवढे दोन दिवसांत तोंडी शिकवून, प्रत्यक्ष करवून घेऊन, परीक्षा घेता येईल. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे अशा शिक्षणाची मागणी संघाने लेखी करावी, असा आमचा आग्रह आहे. हे शिक्षण घेतलेल्या बाईस फवारणीच्या दिवशी निंदणीच्या नव्हे, तर फवारणाऱ्या पुरुषाच्या मजुरीचा दर मिळाला पाहिजे. नाही तर शिकून धोका तेवढा पदरी पडला, असेच ती म्हणेल, आणि तिचे म्हणणे खोटे ठरणार नाही.

काही सभासद म्हणतील की, एवढ्या अटी घातल्या तर बाया हे काम सोडतील व आपण पुन्हा पंपावर येऊ. आम्हांस तसे वाटत नाही. काम सोडावे लागते ते अंगावर बेतले म्हणजे. तथापि ज्यांचे मत निराळे असेल त्यांनी ते सकारण लिहून पाठवावे. पेरण्या आटोपून पहिली फवारणी येण्याच्या आत संघाच्या सभेत ठरावाचा मसुदा वाचला जावा आणि मोलाचा कितवा अंश द्यावयाचा तो आकडा सभासदांनीच ठरवावा.