न सुटलेले गणित

चैत्र-वैशाखाच्या काळोख्या रात्री नार्नूरच्या शिवारातून वर पाहिले, की माथ्यावर अरुंधतीकेश हा अंधुक तारकापुंज दिसतो. त्याच दिशेला, सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक समूह आहे. त्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरतात, की दिसणाऱ्या द्रव्याच्या आकर्षणाने त्या एकत्र राहूच शकल्या नसत्या. म्हणून तेथे न दिसणारे द्रव्य असले पाहिजे, असे १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी मांडले. यालाच कृष्णद्रव्य म्हणतात.

समूहाच्या केंद्राकडे जावे तसतसे हे द्रव्य झपाट्याने दाट होत जावे, असे संगणकाचे गणित सांगते. परंतु २०१३ साली अँड्र्यू न्यूमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सात समूहांचे मापन प्रसिद्ध केले. मागील दीर्घिकांचा वाकलेला प्रकाश आणि मध्यवर्ती दीर्घिकेतील ताऱ्यांचे वेग यांवरून त्यांनी ते केले होते. केंद्रापासून सुमारे १ लाख प्रकाशवर्षांच्या आत कृष्णद्रव्याची दाटी अपेक्षेपेक्षा संथपणे वाढते, असे त्यांना आढळले. कारणाविषयी अद्याप एकमत नाही.

इतक्या दूरच्या गोष्टींशी आम्हां विद्यार्थ्यांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की सुंदर गणितही मापनापुढे तपासून घ्यावे लागते, हा धडा येथे मिळतो. आमच्या पुस्तकांत सुटलेलीच उदाहरणे असतात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक न सुटलेला प्रश्नही छापावा, असे आम्हांस वाटते. तोवर येत्या चैत्रात धाकट्या भावंडांना अरुंधतीकेश दाखवताना हा प्रश्न आम्हीच सांगू.