निळी जर्सी, पिवळी जर्सी आणि आपले ओसीआय कार्ड



ट्रुगानिना-टारनीट भागात आपल्या गप्पांमध्ये फुटबॉलचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले म्हणजे, "एकशे चाळीस कोटींच्या देशाला धड अकरा खेळाडू मिळत नाहीत?" आणि दुसरे, "अहो, बाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना घ्या ना! ओसीआय कार्ड आहे की त्यांच्याकडे." पहिल्या वाक्यावर चहाच्या कपाबरोबर भरपूर बोलून झाले आहे. हा लेख दुसऱ्या वाक्याबद्दल आहे, कारण त्याचा संबंध थेट आपल्या घरातल्या मुलांशी येतो.

आधी पात्रतेची शिडी कशी असते ते पाहू. 2026 च्या विश्वचषकासाठी संघांची संख्या 32 वरून 48 झाली आणि आशियाला थेट 8 जागा मिळाल्या. त्यासाठी आशियातल्या खालच्या क्रमांकाच्या 20 संघांनी आधी आपसात खेळून 10 संघ पुढे पाठवले. मग 36 संघांचे चार-चारचे 9 गट झाले आणि प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे गेले. उरलेल्या 18 संघांचे सहा-सहाचे तीन गट झाले. तिथले पहिले दोन थेट विश्वचषकात आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या संघांना आणखी एक फेरी. ऑस्ट्रेलिया याच वाटेने गेला. जपानच्या मागे गटात दुसरा येऊन, 10 जून 2025 रोजी जेद्दाहमध्ये सौदी अरेबियाला 2-1 हरवून त्याने जागा पक्की केली.

भारताला पहिली फेरी खेळावी लागली नव्हती. दुसऱ्या फेरीत कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान होते. नोव्हेंबर 2023 मध्ये कुवेतला त्यांच्याच घरी 1-0 हरवले, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी पुढचे वेळापत्रकही पाहून ठेवले होते! पुढे मार्च 2024 मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून 1-2 असा पराभव झाला आणि गणित बिघडले. तरीही 11 जून 2024 च्या दोहाच्या सामन्यापर्यंत आशा होती. छांगटेच्या गोलने भारत पुढे होता. मग कतारने बरोबरीचा गोल केला. त्या वेळी चेंडू रेषेबाहेर गेलेला होता आणि तो आत ओढून गोल झाला, हे टीव्हीवर सगळ्यांना दिसले. पण त्या फेरीत व्हिडिओ रेफरी नव्हता. शेवटी 2-1 असा पराभव झाला. भारत जिंकला असता तर कुवेतच्या वर दुसरा आला असता.

पंचांना शिव्या देणे सोपे आहे, आणि त्या दिवशी त्या रास्तही होत्या. पण त्या एका निकालाचे मोल किती होते ते पाहा. पहिल्या दोनात आलेल्या संघाला पुढचे दहा तगडे सामने मिळत होते, शिवाय 2027 च्या आशिया चषकाचे थेट तिकीटही. ही शिडी वर असलेल्याला आणखी वर नेते. जो घसरतो त्याला कमी सामने मिळतात, तेही कमी ताकदीच्या संघांशी. मग क्रमांक घसरतो आणि पुढचा ड्रॉ अवघड होतो.

ऑस्ट्रेलियाला हे आपल्यापेक्षा आधी कळले होते. 2005 पर्यंत हा देश ओशनिया विभागात खेळत असे. तिथे 2001 मध्ये कॉफ्स हार्बरला अमेरिकन सामोआवर 31-0 असा विजय मिळवला, एकट्या आर्ची थॉम्पसनने 13 गोल केले. पण असल्या विजयांचा उपयोग काय? चार वर्षे लुटुपुटूचे सामने आणि शेवटी दुसऱ्या खंडाच्या संघाशी दोन सामन्यांचा जुगार. 1997 मध्ये आपल्या एमसीजीवर दोन गोलांची आघाडी असताना इराणने 2-2 केले आणि इराण गेला. 2001 मध्ये उरुग्वेने बाहेर काढले. 16 नोव्हेंबर 2005 ला सिडनीत त्याच उरुग्वेला पेनल्टी शूटआऊटमध्ये 4-2 हरवून 32 वर्षांनी विश्वचषक गाठला. त्यानंतर लगेच, जानेवारी 2006 पासून, ऑस्ट्रेलिया आशियाई महासंघात आला. वाट लांब आणि अवघड झाली, पण दर वर्षी खरे सामने मिळू लागले. तेव्हापासून प्रत्येक विश्वचषकासाठी हा संघ पात्र ठरला आहे. 2022 साठी मात्र पेरूविरुद्ध पुन्हा पेनल्टीपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

आता 2005 च्या त्या संघातली नावे पाहा. कर्णधार मार्क विदुका हा मेलबर्नच्या पश्चिम भागातल्या क्रोएशियन घरातला मुलगा. तो ज्या मेलबर्न नाइट्स क्लबमध्ये घडला तो क्रोएशियन स्थलांतरितांनी 1953 मध्ये काढलेला, मैदान सनशाइन नॉर्थला, म्हणजे आपल्यापासून अगदी जवळ. ब्रेशियानो मेलबर्नचाच, वडील इटालियन. शेवटची पेनल्टी मारणारा अलोइसी इटालियन घरातला आणि दोन पेनल्टी अडवणाऱ्या श्वार्झरचे आईवडील जर्मन. नंतरच्या संघांत अवेर माबिल आहे, केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला. आणि आपल्या बाजूचा म्हणावा असा निशान वेलुपिल्लै, मेलबर्नमध्ये जन्मलेला, दक्षिण आशियाई वंशाचा. ऑक्टोबर 2024 मध्ये चीनविरुद्धच्या पात्रता सामन्यात पदार्पणातच त्याने गोल केला. शेजारच्या न्यूझीलंडच्या संघात ऑकलंडच्या पंजाबी घरातला सरप्रीत सिंग आहे. म्हणजे स्थलांतरितांच्या मुलांसाठी पिवळ्या जर्सीचा दरवाजा बंद नाही, हे उघड आहे.

उलट्या दिशेने जाणारेही असतात. योसिप शिमुनिच कॅनबेरात जन्मला, इथल्याच क्रीडा संस्थेत शिकला आणि खेळला क्रोएशियासाठी. 2006 च्या विश्वचषकात तो ऑस्ट्रेलियाविरुद्धच उभा होता आणि पंचांच्या चुकीमुळे त्याला एका सामन्यात तीन पिवळी कार्डे मिळाली, हा किस्सा अनेकांना आठवत असेल. क्रोएशियन घरातला मुलगा हे करू शकतो, मग मराठी घरातला का नाही?

कारण पासपोर्ट. फिफाचा नियम सांगतो की खेळाडूकडे त्या देशाचे कायमचे नागरिकत्व हवे, केवळ तिथे राहण्याच्या परवान्यावर अवलंबून असलेले नव्हे. ओसीआय कार्डाच्या नावात 'सिटिझन' हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नाही. तो आजन्म व्हिसा आहे, काही सवलतींसह. त्यावर मतदान नाही, भारतीय पासपोर्ट नाही आणि म्हणून भारताची जर्सीही नाही. 2008 मध्ये भारत सरकारच्या क्रीडा खात्याने देशाचे प्रतिनिधित्व फक्त नागरिकच करतील असे धोरण ठरवले, त्यावर आपल्या लोकांचा बराच राग आहे. पण उद्या ते धोरण मागे घेतले तरी फुटबॉलमध्ये काही बदलणार नाही, फिफाची अट तशीच राहील. बदलायचे तर दुहेरी नागरिकत्वाचा प्रश्न सोडवावा लागेल, आणि तो एका खेळासाठी कोणी सोडवेल असे मला वाटत नाही.

बांगलादेशाला हा अडसर नाही. इंग्लंडमध्ये वाढलेला, लेस्टर सिटीचा हमझा चौधरी मार्च 2025 मध्ये शिलाँगला भारताविरुद्ध बांगलादेशकडून पहिल्यांदा खेळला. सामना 0-0 सुटला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने 1-0 जिंकून 22 वर्षांनी भारताला हरवले. दरम्यान 14 ऑक्टोबर 2025 ला, आपल्या गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने 2-1 असा विजय मिळवला आणि भारत 2027 च्या आशिया चषकाबाहेर गेला. सिंगापूरचे दोन्ही गोल साँग उई-याँगने मारले. हा मूळचा दक्षिण कोरियाचा, 2021 मध्ये सिंगापूरचा नागरिक झालेला.

हे ऐकून "बघा, आम्ही म्हणतच होतो" असे कोणी म्हणेल. पण थोडे थांबा. सिंगापूरही दुहेरी नागरिकत्व देत नाही. साँग तिथल्या क्लबात वर्षानुवर्षे खेळला आणि मग त्याने नागरिकत्व घेतले. हमझा आल्यावर बांगलादेशची ताकद नक्की वाढली, तरी त्या गटातून तेही पात्र ठरले नाहीत, सिंगापूर ठरला. बाहेरचा एक चांगला खेळाडू बरोबरीच्या सामन्यात फरक पाडतो. पण ज्या देशाची मुख्य लीग 2025 च्या हंगामात कराराच्या वादामुळे वेळेवर सुरूच झाली नाही, त्या देशाला ट्रुगानिनातून दोन मुले नेऊन वाचवता येणार नाही. (इथले तरी सगळे आलबेल कुठे आहे म्हणा! टारनीटला मैदान उभारलेला वेस्टर्न युनायटेड 2025-26 च्या हंगामात ए-लीगमध्ये खेळलाच नाही.)

आणि भारताच्या मुली पाहा. जुलै 2025 मध्ये चियांग माईला थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 हरवून त्यांनी ऑस्ट्रेलियात 2026 मध्ये भरलेल्या महिला आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरीतले चारही सामने त्यांनी जिंकले. त्यासाठी कोणाचा पासपोर्ट बदलावा लागला नाही. आपल्या गप्पांत हा विषय कितीदा निघतो, ते प्रत्येकाने आपले आपण आठवावे.

तरीही बाहेरून भारताकडे जाणारी एक वाट आहे. अरुंद आहे, पण आहे. इझुमी अराता, वडील गुजराती, आई जपानी. महिंद्रा युनायटेडकडून मुंबईत आणि मग पुणे एफसीकडून तो खेळला, जपानी नागरिकत्व सोडले आणि 2013 मध्ये भारताकडून उतरला. अलीकडचे उदाहरण तर इथलेच आहे. रायन विल्यम्स हा पर्थमध्ये जन्मला. आई मूळची मुंबईची अँग्लो-इंडियन, आजोबा पन्नासच्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. त्याच दशकात, डिसेंबर 1956 मध्ये, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवले होते आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले होते, हे जाता जाता. असो. रायन 2023 पासून बेंगळुरूत खेळत होता. नोव्हेंबर 2025 मध्ये ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडून तो भारतीय झाला. 2019 मध्ये तो ऑस्ट्रेलियाकडून एकदा खेळला होता, पण तो मैत्रीपूर्ण सामना असल्याने संघ बदलता आला. तरी कागदपत्रे वेळेत न आल्याने ढाक्याच्या सामन्यात त्याला उतरता आले नाही.

आता आपल्या घरांचे. आपल्यापैकी बरेच जण सिटिझनशिपचा अर्ज भरतात तो नोकरी, व्हिसाची कटकट आणि मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची नावे त्याच अर्जात घालता येतात. नागरिकत्व स्वीकारले की भारतीय पासपोर्ट जमा करायचा, आणि त्याबरोबर निळ्या जर्सीचा हक्कही जातो. जे मूल अजून भारतीय पासपोर्टवर इथे राहते, ते फिफाच्या लेखी आजही भारताचे आहे. इथेच जन्मलेले मूल, आईवडिलांपैकी एकजण तेव्हा पीआर किंवा नागरिक असेल तर, जन्मतःच ऑस्ट्रेलियन असते. भारतातून आलेल्या मुलाने इथले नागरिकत्व घेतले तर राहण्याचा कालावधी मोजला जातो: दहाव्या वर्षाआधी आलेल्याला किमान तीन वर्षे, त्यानंतर आलेल्याला पाच.

म्हणून मुलगा किंवा मुलगी चांगली खेळते एवढ्यासाठी कोणी अर्ज अडवून ठेवू नये, असे माझे मत आहे. तेराव्या वर्षी चमकणाऱ्या मुलांपैकी फार थोडी व्यावसायिक होतात, आणि इथल्या संघाचा रस्ता तर खुला आहेच. पुढे खरोखर भारताकडून खेळायचे ठरलेच, तर भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यात तशी सोय आहे: पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असलेली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेली सज्ञान व्यक्ती नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. ते मिळाल्यावर इथला पासपोर्ट सोडावा लागतो. मात्र एक गोष्ट तोवर सांभाळावी लागेल. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य संघाकडून एकही अधिकृत स्पर्धेचा किंवा पात्रता फेरीचा सामना खेळला, तर संघ बदलता येत नाही.