परमुलूख कोठे सुरू होतो?

आखातात राबणाऱ्या आपल्या मजुरांच्या हालअपेष्टांची वार्ता आली की सुशिक्षित घरांतून हळहळ व्यक्त होते. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे मजुरांच्या निवासास आग लागून चाळीसहून अधिक भारतीय दगावले, तेव्हाही ती झाली आणि ती खरीच होती. परंतु परमुलूख म्हणजे समुद्रापलीकडचाच प्रदेश, ही समजूत सोयीची आहे, सत्य नव्हे. जेथे माणसाच्या श्रमाला गिऱ्हाईक आहे पण दुखण्याला धनी नाही, तो त्याला परमुलूखच होय. या व्याख्येने आमचे मुरगूडही परमुलूख ठरते.

दिवाळीच्या सुमारास बीड आदि जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या वेदगंगेच्या काठी उतरतात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव हत्यारावरून पडावे, यातच पुष्कळ आले. उचल फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस अंथरूण धरले तर मजुरी बुडून वर खाड्याचा दंड. पहाटे अंधारात फडात शिरावे आणि गाडी भरून रात्री पालावर परतावे. दवाखान्याचे दार उघडे असते ते नेमके मधल्या वेळात. गरोदर बाईचे नाव आशाताईच्या वहीत असते, पण तिच्या गावी. येथे ती बहुधा कोणाच्याच वहीत नसते.

याचे फळ काय? नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ साली नेमलेल्या समितीच्या चौकशीत, बीड जिल्ह्यातील पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहांत सुमारे एक! हे अज्ञानाचे फळ, असे म्हणणारे विद्वान आहेत. परंतु जिला आडोसा नाही, पाणी नाही, विसाव्याचा दिवस नाही, तिने दरमहाच्या दंडापेक्षा एकदाची शस्त्रक्रिया पत्करली तर ते अज्ञान नव्हे, तो हिशेब आहे. आणि तो तिला मांडावयास लावणारी व्यवस्था आपली आहे.

यावर ठरावीक उत्तर मिळते : ‘ती मुकादमाची माणसे; कारखान्याचा त्यांच्याशी संबंध नाही.’ ज्या कागलात गोपाळ कृष्ण गोखले यांचे बालपण गेले, त्याच तालुक्यात हे उत्तर ऐकावे लागते! फिजी, मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर माणसे नेणारी गिरमिटी पद्धत बंद करावी, असा ठराव गोखल्यांनी मार्च १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. सरकारने तो फेटाळला. पण त्या निंद्य पद्धतीतही मजुरांच्या औषधोपचाराचा भार, निदान कागदावर, मळेवाल्यावर होता. आमचा कागद त्याहूनही कोरा आहे. कंत्राटदाराने आणलेल्या मजुरास मोफत औषधोपचार द्यावा, असे १९७९ च्या कायद्याने सांगितले. पण केवळ परराज्यातून आलेल्यास. तो कायदा २०२० च्या संहितेत विलीन झाला, तरी ‘आंतरराज्य’ ही मेख कायम राहिली. बीडचा मजूर कर्नाटकातील निपाणीस गेला तर स्थलांतरित. अलीकडे मुरगुडास थांबला तर कोणीच नाही!

आमची मागणी अवाजवी नाही. गाळपाच्या हंगामात पालोपाली सायंकाळी फिरता दवाखाना जावा. आजाऱ्यास व बाळंतिणीस खाडा लागू नये. प्रत्येक टोळीची यादी पहिल्याच आठवड्यात आरोग्य खात्याकडे पोहोचावी. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरलेले आहेच. त्याचा विनियोग पालापर्यंत पोहोचला पाहिजे, एवढेच. खर्च वाढेल, असे कोणी म्हणेल. तो आजही होतोच आहे. फक्त तो बायकांच्या शरीरांतून वसूल होतो.

आपणांपैकी पुष्कळजण कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक सभेत उसाच्या दराविषयी आपण आवाज चढवितो, तो आपला हक्कच आहे. यंदा त्याच सभेत आणखी एक प्रश्न विचारावा : गेल्या हंगामात आपल्या पालांवर किती माणसे आजारी पडली? याचे उत्तर व्यासपीठावर कोणापाशी नसेल, तर कुवेतच्या मालकास नावे ठेवण्याचा अधिकार आपण गमावला आहे, असे समजावे.