अपयश कोणाच्या नावावर?

कामाच्या ठिकाणचे वातावरण बिघडले की आपण पगार, कामाचे तास, अपुरी जागा यांना दोष देतो. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण आम्हा शिक्षकांना एक वेगळाच अनुभव येतो. इमारत तीच, शिक्षक तेच, मुलेही त्याच मोहल्ल्यातली. फक्त मुख्याध्यापक बदलतात आणि वर्षभरात शाळा ओळखू येत नाही. कुठे ती सावरते, कुठे ढासळते. खुर्चीवरच्या माणसाचा अखलाक हळूहळू सगळ्या इमारतीत झिरपतो.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी अनेक व्यासपीठांवरून सांगितलेला एक अनुभव आठवू या. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ या भारतीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. कलाम साहेब या प्रकल्पाचे प्रमुख होते. उड्डाणापूर्वी संगणकाने धोक्याचा इशारा दिला होता. तरीही तज्ज्ञांशी बोलून पुढे जाण्याचा निर्णय त्यांनीच घेतला. पहिला टप्पा नीट पार पडला, दुसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि कित्येक वर्षांची मेहनत बंगालच्या उपसागरात कोसळली.

बाहेर पत्रकार थांबले होते. त्या वेळी इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन होते. ते कलाम साहेबांना घेऊन पत्रकारांसमोर गेले आणि स्वतः बोलले. आज आम्हाला अपयश आले, पण माझ्या सहकाऱ्यांवर माझा विश्वास आहे, पुढच्या वेळी ते यशस्वी होतील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. १८ जुलै १९८० रोजी त्याच अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला. या वेळी धवन यांनी कलाम साहेबांना सांगितले, पत्रकारांशी आज तुम्ही बोला.

अपयश आले तेव्हा साहेब पुढे, यश आले तेव्हा सहकारी पुढे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटा रिवाज आहे. दहावीचा निकाल चांगला लागला की सत्कार संस्थाचालकांचा आणि निकाल घसरला की नोटीस गणिताच्या शिक्षकाला!

पण या प्रसंगाचा अर्थ ‘साहेबांनी चुका पोटात घालाव्यात’ असा घेऊ नये. धवन यांनी अपयशाला अपयशच म्हटले, सारवासारव केली नाही. पुढे बिघाडाची कसून तपासणी झाली, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला दोष शोधला गेला, म्हणून पुढचे उड्डाण साधले. आपल्या मराठीत दोन वाक्प्रचार आहेत: पाठीशी घालणे आणि पाठीशी उभे राहणे. पहिल्यात चूक झाकली जाते, दुसऱ्यात माणूस सावरला जातो आणि चूक उघड्यावर आणून दुरुस्त केली जाते. चांगल्या प्रमुखाला हा फरक कळतो.

फरक कळला नाही तर काय होते? शाळेच्या पोषण आहाराचे उदाहरण घ्या. स्वयंपाक करणारी ताई येऊन सांगते, ‘सर, डाळीला वास येतोय.’ ‘साठवण तुमचीच चुकली, आता भरून द्या,’ असे उत्तर मिळाले तर ती पुढच्या वेळी काय करील? वास येणारी डाळ गुपचूप शिजवील. यंत्रमागाच्या कारखान्यात उघडी पडलेली वायर कामगाराला दिसते. पण मागच्या वेळी बोलला म्हणून त्याला शिव्या मिळालेल्या असतात. तो गप्प बसतो. प्रमुखाच्या तापट स्वभावाची किंमत अशा वेळी मुलांच्या पोटाने किंवा एखाद्याच्या जिवाने मोजावी लागते. घाबरलेली माणसे कमी चुका करतात हा गैरसमज आहे. ती कमी चुका सांगतात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी बेकरी, गॅरेज, शिलाईचे दुकान असते. तिथे मालक म्हणजे चाचा किंवा भाईजान. नात्यामुळे तोंड उघडणे आणखी अवघड. हिशेबात घोळ दिसला तरी पुतण्या म्हणतो, ‘जाऊ दे, चाचांना राग येईल.’ आणि गल्ला रिकामा होईपर्यंत कोणी बोलत नाही. अशा घरात मोठ्यांनीच पहिले पाऊल टाकायला हवे. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला आधी बसवावे, पाणी द्यावे, पूर्ण ऐकून घ्यावे. ‘कोणी केले’ याआधी ‘काय झाले आणि आता काय करायचे’ हे विचारावे. हिशेब चुकता करायला नंतर वेळ असतो. आणि स्वतःचा निर्णय चुकला असेल तर तो चार माणसांसमोर कबूल करावा. त्याने वडीलकीचा मान कमी होत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपण शाळेत, दुकानात, बचत गटात किंवा घरात कोणाचे ना कोणाचे प्रमुख असतोच. आपल्या हाताखालच्या माणसाने गेल्या महिन्याभरात किती वेळा स्वतःहून येऊन ‘हे बिघडले आहे’ असे सांगितले, ते जरा मोजून पाहू या. एकदाही सांगितले नसेल, तर सगळे आलबेल आहे असे समजून निर्धास्त होऊ नये. आपल्यापर्यंत बातमी यायचीच बंद झाली असेल.