मोटारीच्या मेंदूंतील अर्धी पोथी

पोथी उतरून घेणारा लेखक मध्येंच उठून गेला, तर पूर्वीं ती अर्धी पोथी पेटाऱ्यांत पडून राही. तिच्यावांचून कोणाचें अडत नसे. आज दारांत उभी असलेली मोटारदेखील एका पोथीच्या आधारावर चालते, आणि ती पोथी अर्धवट लिहिली गेली कीं मोटार जागची हालत नाहीं. हा विषय येथें घेण्याचें कारण एका वाचकभगिनीचें पत्र होय. तिच्या धाकट्या दिरांनीं, मोटारीचा जोर वाढतो असें ऐकून, एका मित्राकडून इंजिनाच्या संगणकाचें ‘रिमॅप’ करविलें. लेखन चालू असतां लॅपटॉप मध्येंच थांबला. तेव्हांपासून मोटार सुरू होत नाहीं. मोटार सासऱ्यांनीं निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. गॅरेजवाला म्हणतो, “ईसीएम गेला, नवा घाला.” किंमत ऐकल्यापासून सासरे बोलत नाहींत व दीर पंक्तीस बसत नाहींत. “तें यंत्र खरोखरच मेलें काय?” असा तिचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर असें कीं, बहुधा मेलेलें नाहीं. मात्र या ‘बहुधा’चा अर्थ कळण्यास आंतील रचना थोडी पाहिली पाहिजे.

इंजिनांत इंधन किती व केव्हां सोडावें, टर्बोचा दाब किती ठेवावा, पेट्रोलची मोटार असल्यास ठिणगी केव्हां पाडावी, हें सर्व एक लहानशी पेटी ठरविते. तिलाच ईसीयू अथवा ईसीएम म्हणतात. बॉश कंपनीची मोट्रॉनिक ही रचना १९७९ सालीं बीएमडब्ल्यूच्या ७३२आय या मोटारींत आली व इंधन आणि ठिणगी या दोहोंचा कारभार एकाच पेटीकडे गेला. त्या काळच्या पेट्यांतील आज्ञा व कोष्टकें ईप्रॉम नांवाच्या चिपमध्यें असत. ती पुसावयाची तर काढून अतिनील किरणांखालीं धरावी लागे. फेरफार करणारा नवी चिप बसवी, जुनी खणांत ठेवी. नवी मानवली नाहीं तर जुनी परत बसे. पुढें जपानच्या तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं फ्लॅश स्मृति जगापुढें मांडली. ती जागच्या जागीं विजेनेंच पुसतां येते. मोटारींत ती रूढ झाल्यावर पेटी उघडण्याचें कारण उरलें नाहीं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला वायर लावली कीं काम होतें. सोय झाली, आणि धोकाही तिच्याच पाठोपाठ आला.

धोका असा. फ्लॅश स्मृतींत जुन्या अक्षरांवर नवीं अक्षरें गिरवितां येत नाहींत. आधीं एक संपूर्ण विभाग पुसावा लागतो, मग लिहावा लागतो. म्हणजे कांहीं मिनिटें पेटींत जुनी पोथीही नसते व नवी पुरी झालेली नसते. तेवढ्यांत बॅटरीचा दाब उतरला, वायर निसटली, किंवा लॅपटॉप झोपीं गेला, तर पोथी अर्धीच राहते. कधीं लेखन पुरें होतें, पण फाइल दुसऱ्याच आवृत्तीची असते, परिणाम तोच.

अशा वेळीं पेटी गप्प कां बसते? तिच्या आरंभीं बूटलोडर नांवाचा एक लहान भाग वेगळा राखलेला असतो. नेहमींच्या लेखनांत त्यास सहसा कोणी हात लावीत नाहीं. चावी फिरवितांच तो पुढील मजकुराची बेरीज करून नोंदलेल्या बेरजेशीं ताडून पाहतो. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणींत प्रत्येक सूक्ताच्या ऋचांची संख्या दिलेली आहे. ती मोजली कीं एखादी ऋचा गळली असल्यास तत्काळ कळते. तोच हा न्याय. बेरीज जुळली नाहीं तर बूटलोडर इंजिन त्या मजकुराच्या हातीं देत नाहीं. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाहीं. हें मौन मृत्यूचें नव्हे, सावधपणाचें आहे.

उपाय तीन पायऱ्यांचा आहे. पहिल्या पायरीवर फ्यूज, रिले व बॅटरी तपासावी. पेटीस वीजच पोंचत नसेल तर बाकीची चर्चा व्यर्थ. मग त्याच सॉकेटमधून पेटीस हांक मारावी. तिनें आपला क्रमांक सांगितला तर बूटलोडर जागा आहे असें समजावें. साधारण साडेतेरा व्होल्टचा स्थिर पुरवठा जोडून मूळ फाइल पुन्हां लिहिली कीं पुष्कळदां मोटार तेथेंच सुरू होते.

हांकेस उत्तर आलें नाहीं तर दुसरी पायरी. पेटी काढून, उघडून, टेबलावर घ्यावी लागते. बॉशच्या ईडीसी१७ जातीच्या ज्या पेट्यांत इन्फिनिऑनचा ट्रायकोर प्रोसेसर असतो, त्यांत कारखान्यांतच कायम कोरलेला एक मजकूर असतो. तो फ्लॅश पुसल्यानें जात नाहीं. वीज देतांना एक ठराविक बिंदु ठराविक दाबावर धरला कीं प्रोसेसर स्वतःची पोथी बाजूस ठेवून बाहेरून येणारी आज्ञा ऐकतो. यासच बूट मोड म्हणतात. ईडीसी१६ या आधींच्या जातींत हेंच काम बीडीएम नांवाच्या टोंकांतून होतें. यांत नियम एकच : प्रथम जें आहे तें सर्व वाचून जतन करावें, मगच लिहावें, कारण चावीची ओळख पटविणारी इमोबिलायझरची माहिती त्याच पेटींत असते. झांकण चिकटविलेलें असतें. उघडतांना हात घसरला तर बारीक तार तुटते. म्हणून हें काम शिकाऊ हाताचें नव्हे.

आंतील भाग खरोखरच जळाला असेल तरच तिसरी पायरी. त्याच क्रमांकाची जुनी पेटी आणून तिच्यांत पहिलीची सर्व माहिती उतरवावी लागते. नुसती पेटी बदलली तर ती चावी ओळखीत नाहीं.

म्हणून या भगिनीच्या घरच्यांनीं नवी पेटी घेण्यापूर्वीं गॅरेजवाल्यास एकच प्रश्न विचारावा : “बूट मोडनें वाचून पाहिलें काय?” उत्तर ‘नाहीं’ असेल, तर पेटी हें काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे न्यावी. पेटीवरील क्रमांक लिहून ठेवावा आणि मित्राजवळची मूळ फाइल ताबडतोब मागून घ्यावी. कोठून तरी मिळालेली ‘अशाच मोटारीची’ फाइल लिहूं देऊं नये. आणखी कोणावर लेखन फसण्याचा प्रसंग आला, तर घाईनें चावी बंद करूं नये व बॅटरीही सोडूं नये. पुरवठा स्थिर ठेवून मूळ फाइल पुन्हां लिहून पाहावी.

रिमॅप करावें कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. कारखान्याचीं कोष्टकें केवळ जोर पाहून आंखलेलीं नसतात. धूर, गिअरबॉक्सचें आयुष्य व इंधनाचा दर्जा यांचा मेळ त्यांत असतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहा हें मान लागू आहे. जोर वाढवितांना तें मोडलें तर त्याचा धूर घरच्या व शेजारच्या मुलांच्याच छातींत जातो. वॉरंटी नाकारली जाऊं शकते, आणि विमा कंपनीस न कळविल्यास ऐन वेळीं वाद उभा राहतो.

वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी कीं, दोष देण्यापूर्वीं पेटी वाचवावी. रागाच्या भरांत मुलगा मूळ फाइल कोणाकडे आहे हेंही सांगेनासा होतो. तरुणांस एवढेंच कीं, मोटार सर्व घराची असेल तर तिच्यांतील एक अक्षर बदलण्यापूर्वींही सर्वांस विचारावें, आणि मूळ प्रत दोन ठिकाणीं ठेवल्याशिवाय कोणासही सॉकेटला हात लावूं देऊं नये.