पिळूनही उरणारं पाणी

ठाण्यात जुलैमध्ये कपडे धुणं सोपं, वाळवणं अवघड. हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली यायला तयार नसते. सोमवारी धुतलेली जीन्स गुरुवारीही कमरेपाशी दमट लागते. दारावर टॉवेल, खुर्च्यांच्या पाठीवर बनियन, हॉलमधल्या पंख्याखाली फोल्डिंगचं स्टँड आणि घरभर कुबट वास. आमच्या जुन्या सेमी-ऑटोमॅटिकने मे महिन्यात मान टाकली, तेव्हा मी जाहीर केलं, धुणारं मशीन आणायचंच आहे तर वाळवणारंही आणू.

सासूबाईंना ही चैन वाटली. आई मूळच्या राजापूरकडच्या. त्यांच्या माहेरी पावसात बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी असे, तिच्यावर बांबूची टोपली पालथी घालत आणि टोपलीवर बाळाची दुपटी. "तो काय ड्रायर नव्हता?" होता की. खालून ऊब, वरून ओलं कापड. अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या जे. रॉस मूर यांनीही शेतावरच्या शेडमध्ये स्टोव्ह पेटवून दोऱ्या बांधल्या होत्या. त्या खटपटीतून १९३८ साली बाजारात आलेल्या यंत्राचं नाव होतं 'जून डे'. तिकडचा जून म्हणजे स्वच्छ ऊन. आपल्याकडे या नावाचं मशीन विकायला ठेवलं तर लोक सोबत ताडपत्री मागतील.

आमची इमारत चार मजली, जुनी, बिनलिफ्टची, आणि आम्ही सगळ्यात वर. वॉशिंग मशीन सत्तर किलोचं. ते खांद्यावरच्या पट्ट्यांवर घेऊन चढणाऱ्या दोघांना प्रत्येक मजल्यावर लोकांनी पाणी विचारलं आणि सल्ले दिले. एवढं वजन कशाचं, हे बसवायला आलेल्या मुलाने सांगितलं. आत चक्क काँक्रीटचा ठोकळा असतो. मिनिटाला १४०० फेरे घेणारा ड्रम जागेवर राहावा म्हणून हे वजन. मग त्याने मागच्या बाजूचे चार लांब बोल्ट काढून माझ्या हातात दिले. प्रवासात ड्रम हिंदकळू नये म्हणून ते लावलेले असतात. "काकू, हे जपून ठेवा. घर बदललंत की परत लागतील. आणि हे न काढता मशीन लावलं ना, तर ते चालत दारापर्यंत येतं."

खरी अडचण पाण्याने केली. टाकी आमच्या डोक्यावरच, त्यामुळे पाणी सगळ्यांत आधी आम्हाला मिळत असणार, असं खालच्या मजल्यांवरच्यांना वाटतं. दाबाचा हिशोब उलटा आहे. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर एक बार दाब मिळतो. आमच्या नळापासून टाकीची उंची जेमतेम चार मीटर, आणि मशीनला निदान अर्धा बार हवा. म्हणजे पंप आला. विजेचंही तेच. बाल्कनीत मोबाईलपुरता पॉइंट होता. दोन्ही यंत्रांना सोळा अँपियरचे स्वतंत्र सॉकेट आणि धड अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डचं नाव काढताच त्या मुलाने हत्यारांची पिशवी बंद करायला घेतली. वायरमन, प्लंबर, पुन्हा वायरमन. आपल्या इमारती बांधणाऱ्यांनी देवघराची दिशा बघितली, पण धुण्याची जागा मोरीच्या दारामागे आटोपली, हे माझं मत त्या आठवड्यात पक्कं झालं.

वॉशर खाली, ड्रायर वर, मध्ये दोघांना जोडणारी फ्रेम. उलटं कधीच करायचं नाही. जड आणि हादरणारं ते जमिनीवरच हवं.

बिलाची धास्ती होतीच. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट लागतं. सात किलो सुती कपड्यांत जोरदार पिळल्यावरही साडेतीन लिटर पाणी उरतं, म्हणजे नुसत्या हीटरवर दोन युनिटांच्या वर. फेरे कमी ठेवले की पाणी आणखी उरतं. पाणी उकळून घालवण्यापेक्षा फिरवून फेकणं कितीतरी स्वस्त, म्हणून मी पिळण्याच्या फेऱ्यांत कंजूषपणा करत नाही. आमचा ड्रायर हीट पंपवाला आहे. फ्रिजसारखा कॉम्प्रेसर, तीच ऊब पुन्हा पुन्हा वापरतो, म्हणून साधारण निम्म्या विजेत भागतं. वेळ मात्र जास्त घेतो. आणि ऑक्टोबर ते मे तो बंदच राहणार. फुकटचं ऊन सोडून वीज जाळण्याइतकी मी आधुनिक नाही.

वाफेचं पाणी एका डब्यात साठतं. आई ते तुळशीला घालू देत नाहीत, जिन्यावरच्या क्रोटनला चालतं म्हणतात. प्रत्येक वेळी जाळीवर लव साठते, बोटाने ओढली की अख्खा थर निघतो. पहिल्यांदा तो बघून त्या म्हणाल्या, "अगं, हे आपलेच कपडे झिजतायत." बरोबर आहे. त्यांची सुती नऊवारी तेव्हापासून बाहेरच्या दोरीवरच आहे, वाळो न वाळो.

धुणं-भांड्याच्या मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी मुद्द्याला हात घातला. "म्हणजे ताई, माझं धुणं बंद?" यावर घरात चर्चा झाली. माझे यजमान म्हणाले, पगार तोच ठेवू, काम कमी. मला पटलं. मावशींना पटलं नाही. पूर्वी कपडे वाळतील तसे थोडे थोडे निघायचे, आता ड्रायरचं दार उघडलं की गरम ढीग एकदम पलंगावर येतो, आणि तो लगेच आवरला नाही तर सुरकुत्या तशाच बसतात. "धुणं मशीनला दिलंत, ते ठीक," त्या म्हणाल्या, "पण या घड्या धुण्यात कधी नव्हत्या. घड्यांचे वेगळे." आकडा गणपतीनंतर ठरणार आहे.