‘काल काय केलं?’ आधी मराठीत सांगून बघा!

परदेशी भाषेच्या क्लासमध्ये हा प्रश्न कधी ना कधी येतोच : सुट्टीत काय केलं? आणि आपलं भुसावळचं पब्लिक तिथेच अडकतं. सांगण्यासारखं काही नसतं असं नाही. ग्राउंडवर क्रिकेट, हतनूर धरणावर चक्कर, हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी, सगळं असतं. पण आपण ते मनात आधी इंग्रजीत करतो, मग तिथून डच किंवा जर्मनमध्ये ढकलतो. इंग्रजी कच्चं असलं की संपलं. ‘आपण मराठी मीडियमवाले, आपल्याला नाही जमणार’ म्हणत क्लास सुटतो.

माझं म्हणणं आहे, निदान भूतकाळापुरता तरी हा इंग्रजीचा वळसा सोडा.

डचचंच बघा. तासभर सायकल चालवली, तर ‘इक हेब एन ऊर खफीत्स्त’. पण सायकलवर तापीपर्यंत गेलात, तर ‘इक बेन नार द तापी खफीत्स्त’. क्रियापद तेच, पण एकदा ‘हेब’, एकदा ‘बेन’. इंग्रजीतून येणारा इथे डोकं धरतो, कारण त्याच्याकडे दोन्हीकडे ‘हॅव’च. तुमच्याकडे? ‘त्याने सायकल चालवली’ आणि ‘तो तापीवर गेला’. एकीकडे ‘ने’ लागला, दुसरीकडे नाही. करणं आणि जाणं भूतकाळात वेगळं वागतं, हे तुम्हाला शाळेत जायच्या आधीपासून येतंय. शिवाय ते ‘खफीत्स्त’ बघा, आपल्या क्रियापदासारखंच वाक्याच्या टोकाला जाऊन बसलंय.

नियम शंभर टक्के जुळत नाहीत हं. ‘तो क्रिकेट खेळला’ म्हणताना आपण ‘ने’ लावत नाही, डच मात्र तिथे ‘हेब’च्या गटात. अशी क्रियापदं वहीत वेगळी लिहून ठेवा.

सवयीचंही तसंच. ‘लहानपणी सायकल चालवायचो’ हा आपला रीती भूतकाळ. डच माणूस अशा जुन्या सवयीसाठी सहसा साधा भूतकाळ काढतो, ‘इक फीत्स्ते’. कालच्या एका फेरीसाठी मात्र गप्पांत ‘हेब’वालं वाक्य. ‘चालवली’ आणि ‘चालवायचो’ यांत तुमची कधी गल्लत होते का?

आणि प्लीज, ‘मी पुस्तकं वाचली, संगीत ऐकलं’ टाइपचं गाइडमधलं उत्तर पाठ करू नका. बामणोदची वांगी भाजली, ठेचली, भरीत पुऱ्यांबरोबर खाल्लं, हे सांगा. तिन्ही क्रियापदं ‘हेब’ची. शेतात गेलो, ते ‘बेन’. भरीताला डच शब्द शोधत बसू नका, ते भरीतच राहू द्या.